विनोद आहेत, पण स्किट नाही

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : पाच-सहा वर्षं एकांकिका लिहिताय, स्पर्धांमधून बक्षिसं आहेत. टीव्हीच्या विनोदी कार्यक्रमासाठी चार स्किटं पाठवलीत, चारही परत आली आणि चारही वेळा शेरा एकच, ‘विनोद आहेत, पण स्किट नाही.’ या शेऱ्याचा अर्थ काय घ्यायचा, आणि रोजच्या साध्या गोष्टीतून किंवा एखाद्या गाजलेल्या मालिकेतून ते अचाट प्रसंग निघतात कसे, हा तुमचा प्रश्न. सोबत चारपैकी एक स्किट जोडलंय : पेन्शनर आजोबा बँकेत हयातीचा दाखला द्यायला जातात ते.

मी अठरा वर्षं टीव्हीसाठी स्किटं लिहिण्याचंच काम करतेय. तुमचं स्किट दोनदा वाचलं. एकदा मनात, आणि एकदा घरातल्या दोघांना समोर बसवून मोठ्याने. दोघं भरपूर हसले. तरीही शेरा बरोबर आहे.

तुमची पहिली चार पानं बघा. दोरीला बांधलेलं पेन, जेवणाच्या सुट्टीची पाटी, पासबुक गिळणारं मशीन, ‘सर्व्हर डाउन’, खुर्चीत डुलकी काढणारा गार्ड. प्रत्येकावर एक चांगला विनोद. पण यातला कुठलाही विनोद उचलून पोस्टात किंवा तहसील कचेरीत नेऊन ठेवला तरी चालतो. क्रम उलटा केला तरी काही बिघडत नाही. आणि मग पाचव्या पानावर खिडकीपलीकडची मुलगी स्क्रीनकडे बघून म्हणते, “आजोबा, सिस्टिममध्ये तुम्ही ऑगस्टमध्येच वारलाय.” या वाक्याला आमच्या घरातले दोघं हसले नाहीत. ते पुढे सरकून बसले. स्किट तिथे सुरू होतं. तुम्ही मात्र त्यावर तीन वाक्यं लिहून पुन्हा पासबुकाच्या मशीनकडे वळलात.

स्किटमधलं जग एकाच जागी बिघडलेलं असतं. बाकी सगळं जिथल्या तिथे, अगदी आपल्या घरातल्यासारखं. प्रेक्षक एक अचाट गोष्ट आनंदाने मान्य करतो : माणूस समोर उभा आहे आणि बँकेच्या मते तो मेलेला आहे. एकदा ती मान्य केली की त्यातून पुढे काय काय होईल, हे बघायला तो बसतो. तेवढ्यात तुम्ही दुसरी अचाट गोष्ट आणलीत की त्याची पहिलीवरची पकड सुटते. म्हणून लिहायला बसण्याआधी मी वहीत वरती एकच वाक्य लिहिते : ‘यात एकच काय बिघडलंय?’ उत्तरात ‘आणि’ आलं की दोनांपैकी एक काढायचं.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण ब्रिटिश टीव्हीवरचं आहे. ‘माँटी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ हा कार्यक्रम बीबीसीवर ऑक्टोबर १९६९ मध्ये सुरू झाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यात मेलेल्या पोपटाचं स्किट आलं. गिऱ्हाईक पोपट घेऊन दुकानात परत येतं : हा मेलेला आहे. दुकानदार म्हणतो, मेलेला नाही, दमलाय. बस्स, एवढंच. जॉन क्लीज आणि ग्रॅहम चॅपमन यांनी लिहिलेल्या या स्किटचं मूळ मात्र पोपटात नाही, गाडीत आहे. त्यांच्यातलेच मायकेल पेलिन यांना एक गॅरेजवाला भेटला होता. गाडीत काहीही बिघाड दाखवला तरी त्याच्याकडे त्याचं काहीतरी कारण तयारच असायचं. त्यावर आधी, १९६८ मध्ये, एका वेगळ्या कार्यक्रमासाठी गाडीचंच स्किट झालं. मग गाडीच्या जागी पोपट आला. हा बदल नीट बघा. गाडी खरंच थोडीफार चालते, त्यामुळे दुकानदाराच्या बाजूने काहीतरी बोलता येतं. मेलेल्या पोपटाच्या बाबतीत बोलायला काहीच जागा नाही, आणि तरी तो बोलतोय. माणूस तोच राहिला, त्याची सवय तीच राहिली, फक्त त्याची जागा अशक्य करून टाकली. असा ‘चूक कबूल न करणारा दुकानदार’ आपल्यालाही पुण्यात, नागपुरात, पणजीत कुठेही भेटतो. अचाट प्रसंग आकाशातून पडत नाही. आधी खरा माणूस हवा, मग त्याला अशा ठिकाणी नेऊन उभं करायचं जिथे त्याची सवय टिकूच शकत नाही, आणि मग ती त्याने टिकवायची.

आता माझ्या वहीतलं एक स्किट उघडून दाखवते, कारण त्याचा पहिला खर्डा सपशेल पडला होता आणि का पडला ते मला त्याच दिवशी कळलं.

प्रसंग साधा. आमच्या सोसायटीत नवा वॉचमन आला. मी घरी येत होते आणि त्याने मला थांबवून रजिस्टरमध्ये नाव लिहायला लावलं. मी लिहिलं आणि जिना चढता चढता स्किट सुचलं : माणसाला स्वतःच्याच घरात जायची परवानगी मिळत नाही. पहिल्या खर्ड्यात मी वॉचमनला बावळट केलं. त्याला वाचता येत नाही, तो मजले चुकवतो, नावं उलटी घेतो. वाचनाला लोक हसत होते. पण घरमालकाचं काम करणारा नट मधेच थांबला आणि म्हणाला, “ताई, हा एवढा येडा असेल तर मी याच्याशी वीस मिनिटं वाद कशाला घालू? मी सरळ निघून जाईन ना.”

तो बरोबर होता. समोरचा मूर्ख असला की भांडणातली हवाच जाते. दुसऱ्या खर्ड्यात मी वॉचमनला त्याच्या कामात अतिशय चोख केलं. आधीच्या सोसायटीत नोंद न करता कोणाला तरी आत सोडलं म्हणून त्याची नोकरी गेली होती. आता तो कोणालाच नोंदीशिवाय सोडत नाही. म्हणजे तो बरोबर आहे. आणि घरमालक देसाई, तोही बरोबर आहे. दोघांच्याही बाजूने भांडता आलं पाहिजे.

वॉचमन : कुठे जायचंय?
देसाई : घरी.
वॉचमन : कोणाच्या?
देसाई : माझ्या!
वॉचमन : (रजिस्टर पुढे करत) ‘कोणाकडे’ या रकान्यात ‘माझ्याकडे’ चालत नाही साहेब. नाव लागतं.
देसाई : (लिहितो) देसाई. चारशे दोन.
वॉचमन : (इंटरकॉमवर) मॅडम, खाली देसाई आलेत. देसाईंकडे. (ऐकतो) काम काय आहे विचारतायत.
देसाई : काम नाहीये! मी राहतो तिथे!
वॉचमन : (फोनमध्ये) काही काम नाहीये म्हणतात. (ऐकतो) मॅडम म्हणाल्या, त्यांना कधीच काही काम नसतं. चला, म्हणजे ओळखतात तुम्हाला.

शेवटच्या वाक्यावर हशा येतो तो ‘काम’ या शब्दावरच्या कोटीमुळे नाही. वॉचमनला मनापासून आनंद झालाय की नोंद पुढे सरकली, त्याचा तो हशा आहे. नटाने तिथे डोळा मारला, प्रेक्षकांकडे बघितलं, की संपलं. त्याने खरंच खूश व्हायचं.

यापुढे मी काय केलं ते पायऱ्यापायऱ्यांनी सांगते, कारण तुमच्या स्किटमध्ये नेमक्या या पायऱ्या नाहीत. इंटरकॉमवर बायको दुपारच्या भांडणामुळे रागावलेली आहे, त्यामुळे ती “विचारून सांगते” म्हणते. कोणाला विचारून, ते सांगत नाही. मग देसाई आधार कार्ड काढतो, त्यावर पत्ता गावचा, सातारा. वॉचमन म्हणतो, “मग घर तिकडे आहे ना साहेब, इकडे कशाला त्रास घेता?” या सगळ्या वेळात मागून पार्सल घेऊन येणारा मुलगा तीनदा आत जातो आणि तीनदा बाहेर येतो, कोणी अडवत नाही. मग देसाई त्या मुलाची टोपी आणि बॅग मागून घेतो आणि पार्सलवाला होऊन येतो. वॉचमन नुसतं “चारशे दोन? जा” म्हणतो. देसाई लिफ्टकडे वळतो, तेव्हा वॉचमन ओरडतो, “ए, जिन्याने! लिफ्ट मेंबरांसाठी आहे.” देसाई थांबतो. पार्सलवाल्यांनी लिफ्ट वापरायची नाही हा ठराव मागच्या मीटिंगमध्ये त्यानेच मांडलेला असतो. हे आपण पहिल्याच मिनिटात, तो फोनवर कोणाशी तरी फुशारकी मारत येतो तेव्हा, ऐकवून ठेवलेलं आहे. तो चार मजले चढतो. दारावरची बेल वाजवतो. आतून बायकोचा आवाज : “दाराबाहेर ठेवा, भैया.” अंधार.

या स्किटमध्ये बायको एकदाही रंगमंचावर येत नाही, आणि ती यावी असा आग्रह मला दोनदा झाला, कारण एका चांगल्या नटीला काम मिळालं असतं. मी नाही म्हटलं. ती दिसली असती तर देसाई घरात गेल्यासारखाच झाला असता.

आपली नाळ कुठे आहे तेही सांगून टाकते, म्हणजे हे सगळं इंग्लंड-अमेरिकेतून आलं असा समज राहायला नको. तमाशात गण आणि गवळण झाली की वगाच्या, म्हणजे मुख्य नाट्याच्या, आधी बतावणी यायची. दोन माणसं, हातात काही नाही, आणि एक खोटी गोष्ट ताणत नेणं. सोंगाड्याने एक बाजू घट्ट धरायची, दुसऱ्याने त्याला खोदत राहायचं. टीव्हीवर बघायचं तर मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं, आणि विनायक चासकरांच्या ‘गजरा’ने छोट्या छोट्या नाटुकल्या एकात गुंफून घराघरांत नेल्या. पुढे झी मराठीवर २०१० मध्ये ‘फू बाई फू’ आलं, २०१४ मध्ये ‘चला हवा येऊ द्या’, आणि २०१८ मध्ये सोनी मराठीवर ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’. ब्रिटिश-अमेरिकन स्केच बहुधा तीन-चार मिनिटांत उरकतं, आपलं स्किट सहज दहा-बारा मिनिटं चालतं. याचं कारण आपलं स्किट कॅमेऱ्यासाठी जन्मलेलं नाही. ते एकांकिकेच्या आणि बतावणीच्या घरातलं आहे आणि समोर बसलेल्या माणसांपुढे सलग खेळलं जातं. पायथनवाल्यांनी तर पंचलाइनचाच नाद सोडला. स्किट मधेच तोडायचं आणि टेरी गिलियम यांच्या कागदी चित्रांच्या चलतपटावरून पुढच्यात शिरायचं. आपल्याला ती सोय नाही. आपल्याकडे शेवट लागतो, आणि तो चांगला लागतो.

दहा मिनिटं म्हटली की दोन नटांमधलं ऐकणं आलं. लेखक म्हणून तुम्हाला वाटतं की ज्याला पंच दिला तो हशा घेतो. खरं तर हशा बहुतेक वेळा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर येतो. समीर चौघुले आणि विशाखा सुभेदार यांची ‘हास्यजत्रे’तली एकत्र स्किटं बघा, आणि एकदा आवाज बंद करून बघा. एक बोलत असताना दुसरा काय करतोय, तेवढंच. भाऊ कदम तर कित्येकदा काही न बोलता नुसते बघत राहतात, आणि प्रेक्षक त्या बघण्यातच वाक्य भरून घेतो. तुमच्या अकरा पानांत असं गप्प राहण्याची जागा मला एकदाच दिसली. आजोबांना तुम्ही सतत बोलतं ठेवलंय. आपण मेलो आहोत हे ऐकल्यावर माणूस आधी गप्प होईल ना?

आता सिनेमा-मालिकांचं. इथे नवीन लेखक सगळ्यात जास्त चुकतात आणि त्यांना सगळ्यात जास्त टाळ्याही इथेच मिळतात, त्यामुळे चूक लवकर कळत नाही.

गाजलेल्या सिनेमातलं पात्र स्टेजवर आलं की ओळखीची टाळी पडते. ती टाळी त्या सिनेमाची असते, तुमची नाही. तिचा जोर पंधरा-वीस सेकंद पुरतो. त्यानंतर ते पात्र तुमच्या स्किटमध्ये काय करणार आहे, हा प्रश्न उरतोच. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये सिनेमाचीच मंडळी समोर बसायची आणि त्यांच्याच सिनेमाचं विडंबन त्यांच्यापुढे व्हायचं. तिथे समोरचा कलाकार स्वतःला बघून हसतो याची एक वेगळी गंमत मिळायची. ती गंमत तुमच्या कागदावर नाही, हे लक्षात ठेवून लिहा. (त्याच कार्यक्रमात सागर कारंडे पोस्टमन होऊन अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रं वाचायचे. हास्याच्या मधोमध तीन-चार मिनिटं सगळं सभागृह शांत. विनोदी लेखकाने ती पत्रं जरूर ऐकावीत. हशा आणि हुंदका यांचं टायमिंग एकच असतं, हे मला त्यांनी पटवलं.)

नक्कल माणसाची होते. विडंबन त्या गोष्टीच्या व्याकरणाचं करायचं. म्हणजे काय ते दाखवते. रोजच्या मालिकांचं व्याकरण काय? कोणीही कधीही वाक्य पूर्ण करत नाही. दाराआडून नेहमी कोणीतरी अर्धंच ऐकतं. बातमी फुटली की सगळ्यांचे चेहरे तीन-तीनदा दिसतात. मी यातलं एकच घेतलं, वाक्य पूर्ण न होणं, आणि ते घरातल्या सगळ्यात साध्या गोष्टीला लावलं : गॅसवर दूध ठेवलंय आणि ते उतू चाललंय.

सून : आई, दू...
(संगीत. सासूची मान झटक्यात वळते. सासऱ्यांची. दिराची. पुन्हा सासूची.)
सासू : दु... दुसरं लग्न?
सून : नाही हो, दू...
दीर : दुबई! दादाला दुबईची नोकरी लागली. मला माहीत होतं, हा आपल्याला सोडून जाणार.
सासरे : (छातीवर हात) दु... दुकान विकलं?

कॅमेरा चेहऱ्यांवर जायची गरजच नाही. नट स्वतःच माना वळवतात आणि गोठतात, कीबोर्डवाला सूर देतो. पाच मिनिटांत या घरात दुसरं लग्न, दुबई आणि दुकान यांवरून वाटण्या होतात, सासरे देवघरातून निघायचं नाही म्हणून बसतात, आणि सुनेच्या नाकाला करपल्याचा वास येत राहतो. शेवटी सहा वर्षांचा नातू आतून येतो आणि एका दमात म्हणतो, “दूध उतू गेलं.” सगळे त्याच्याकडे बघतात. सासू अतिशय निराश होऊन : “एवढंच?”

ज्याने आयुष्यात एकही मालिका बघितलेली नाही तोही याला हसतो, कारण घरात आपलं वाक्य कोणी पुरं ऐकून घेत नाही हे त्याला मालिकेशिवायच माहीत आहे. तुमच्या विडंबनाला हीच कसोटी लावा. मूळ गोष्ट न बघितलेल्या माणसाला ते वाचून दाखवा. त्याला काही समजावून सांगावं लागलं तर तो भाग काढून टाका. आणि आज मोबाइलवर फिरणारं एखादं वाक्य स्किटमध्ये घालण्याचा मोह आवरा. वाचन, तालीम, शूटिंग आणि प्रक्षेपण यांत आठवडे जातात, तोवर लोकांना त्या वाक्याचा कंटाळा आलेला असतो.

एक गोष्ट मी कळकळीने सांगणार आहे, कारण तुमच्या चौथ्या पानावर तसं एक वाक्य आहे. रांगेतल्या जाड बाईवरचं. काढा. खूप वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात अशीच एक ओळ वाढवायला मला सांगितलं गेलं आणि मी ती लिहिली. तालमीच्या दिवशी ज्या नटीवर ती ओळ होती ती मला बाजूला घेऊन म्हणाली, “ताई, हे मी ऐकून घेईन, हशाही येईल. पण शनिवारी माझी मुलगी हे बघते.” ती ओळ गेली आणि त्या जागी काहीही घातलं नाही तरी स्किट पडलं नाही. अंग, रंग, उंची, टक्कल यांवरचा हशा फुकट मिळतो आणि त्यामुळे लेखक पुढचं शोधणं थांबवतो. पुरुषाने साडी नेसण्याचंही तसंच. गवळणीतल्या मावशीची परंपरा आपल्याकडे आहे, ती मला मनापासून प्रिय आहे. पण ती मावशी तिच्या जिभेमुळे आणि हुशारीमुळे हसवते. पुरुषाने नुसती साडी नेसून कंबर हलवली की विनोद झाला, असं मानणाऱ्याने ती मावशी नीट बघितलेलीच नाही.

बोलीबद्दलही दोन शब्द. वऱ्हाडी, मालवणी, आगरी, अहिराणी यांपैकी कुठलीही बोली विनोदाचा मसाला म्हणून वापरू नका. पात्र त्या गावचं असेल तर ते त्या बोलीत विचार करतं, त्याची चीड आणि त्याचं प्रेम त्या बोलीत येतं. भारत गणेशपुरे वऱ्हाडी बोलतात तेव्हा त्या बोलण्याला एक ठाय लय आहे, घाई नाही, आणि हसवते ती लय. आपली नसलेली बोली लिहायची असेल तर संवाद प्रमाण मराठीत लिहा आणि त्या भागातल्या नटाला ते त्याच्या तोंडचे करून द्यायला सांगा. मी कायम तसंच करते.

कामाच्या काही गोष्टी भरभर सांगते. स्किट कायम मोठ्याने वाचून घ्या, शक्यतो स्वतः न वाचता दुसऱ्याकडून, आणि तुम्ही ऐकणाऱ्यांचे चेहरे बघा. अमेरिकेतल्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’मध्ये १९७५ पासून हीच पद्धत आहे : मंगळवारी रात्रभर लिहायचं, बुधवारी सगळ्यांसमोर वाचन, आणि शनिवारी थेट प्रक्षेपणाच्या आधी प्रेक्षकांपुढे रंगीत तालीम घेऊन त्यातलीही स्किटं कापायची. तालमीत नट अ‍ॅडिशन, म्हणजे स्वतःची जास्तीची वाक्यं, घेतील, घेऊ द्या, पण ती तुम्ही वहीत वरती लिहिलेल्या त्या एका वाक्यातून निघाली नसेल तर कितीही हशा आला तरी परत मागून घ्या. हशासाठी वाक्यांमध्ये जागा सोडा. मोठ्या हशाच्या पोटात महत्त्वाची माहिती ठेवली तर ती कोणालाच ऐकू जाणार नाही. वॉचमनच्या स्किटमधला लिफ्टचा ठराव म्हणूनच मी पहिल्या मिनिटात ठेवला, जिथे अजून कोणी हसत नाही. आणि प्रॉप मोजकेच. टेबल, रजिस्टर, इंटरकॉम यांवर माझं अख्खं स्किट उभं राहिलं.

आता तुमच्या आजोबांकडे येऊ.

पाचव्या पानावरून सुरू करा. दुसऱ्याच वाक्याला मुलगी सांगते की तुम्ही वारलाय. तिला उद्धट करू नका. तिला खरंच वाईट वाटलंय, ती उठून उभी राहते, “फार वाईट झालं आजोबा” म्हणते. मग आजोबा सिद्ध करायला लागतात. मी बोलतोय. “हो, पण सिस्टिममध्ये आवाज घेत नाहीत.” माझा अंगठा घ्या. अंगठा मशीनवर उमटत नाही, या वयात बोटांच्या रेषा पुसट होतातच. हे बऱ्याच घरांनी अनुभवलंय, ते जसंच्या तसं ठेवा. मॅनेजर येतो, तो दोन मिनिटं शांतता पाळतो. रांगेतली माणसं आजोबांच्या समोरच त्यांच्याबद्दल ‘होते’ असं बोलायला लागतात. इथवर पाच मिनिटं. चढण चांगली आहे, पण हे सगळं एकाच दिशेने जातंय, म्हणून इथे वळण पाहिजे.

ते वळण तुमच्याच नवव्या पानावर एका कंसात पडलेलं आहे आणि तुम्ही त्याकडे लक्ष दिलेलं नाही. आजोबा नातवाच्या शिक्षणाच्या कर्जाला जामीन आहेत, असं तुम्ही लिहून गेलायत. त्याला जामीन कशाला ठेवता, कर्ज आजोबांच्याच नावावर करा, आणि गेल्या तीन महिन्यांचे हप्ते थकलेले आहेत असं करा. मॅनेजरच्या ते लक्षात येतं आणि तो विचारतो, “आजोबा, हप्त्यांचं काय?” आजोबा इतका वेळ जिवाच्या आकांताने भांडत होते. आता ते पहिल्यांदा गप्प होतात. ही तुमची गप्प राहण्याची जागा. सावकाश खुर्चीत मागे टेकतात. आणि म्हणतात, “कोणाचे हप्ते? मी तर ऑगस्टमध्येच गेलो.”

इथून पुढे सगळं उलटं. आता मॅनेजरला सिद्ध करायचंय की आजोबा जिवंत आहेत. तो नाडी बघतो, आरसा नाकापाशी धरतो, रांगेतल्या माणसांना साक्षीला बोलावतो आणि ती म्हणतात, “फार चांगले होते हो.” मुलगी आजोबांच्या बाजूने : “सर, सिस्टिममध्ये नाहीच आहेत ते.” जी वाक्यं आधी आजोबांनी विनवणी म्हणून वापरली तीच आता मॅनेजरच्या तोंडी येऊ द्या, शब्दही फार बदलू नका. वाक्य तेच आणि माणूस दुसरा, यात जो हशा आहे त्यासाठी नवीन विनोद शोधावा लागत नाही.

शेवटी तडजोड होते. आजोबा जिवंत व्हायला तयार होतात, पेन्शन चालू होते, हप्त्यांना मुदत मिळते. हयातीच्या दाखल्यावर सही करायची आहे. आणि पहिल्या चार पानांतलं सगळं काढून टाकलंत तरी एक गोष्ट ठेवा, दोरीला बांधलेलं पेन. सुरुवातीला आजोबा पावती भरायला ते घेतात आणि जागेवर ठेवतात, एवढंच दाखवा, त्यावर विनोद करू नका. आता मॅनेजर दाखला टेबलावर ठेवतो, आजोबा पेन उचलतात, सहीच्या जागेकडे नेतात आणि दोरी दोन बोटं कमी पडते. कागद सरकवता येणार नाही, तो रजिस्टरला टाचलेला आहे. टेबल भिंतीला पक्कं. रांगेतल्या कोणाकडेही पेन नाही, सगळे मोबाइलवाले. मॅनेजर, मुलगी आणि गार्ड तिघं मिळून दोरी ताणून धरतात, आजोबा वाकून सही करायला लागतात आणि नेमका तेव्हा मधेच बंद पडलेला सर्व्हर सुरू झाल्याचा आवाज येतो. मुलगी खुर्चीकडे धावते, दोरी सुटते.

अंधार तिथेच करा. हे आठ पानांत बसवा आणि वाचन करायचं ठरलं की मला कळवा, मी येते.